कानाच्या मापाचं मशीन

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही, नाव विचारलं नाही, साधं हसलेही नाहीत. त्यांनी माझ्या कमरेभोवती टेप टाकली, आवळली आणि असा सुस्कारा सोडला की भिंतीवरचे तीन हँगर खाली पडले, तापलेली इस्त्री गार झाली आणि समोरच्या बस थांब्यावर डुलक्या काढणारा एक म्हातारा दचकून उठला व आलेल्या पहिल्या बसमध्ये चढून गेला. पुढे तो कुठे उतरला हे अजून कुणाला कळलेलं नाही.

मग मास्तर काहीतरी बोलले. म्हणजे त्यांच्या मिशीखालून आवाज आला. तोंडात सात टाचण्या होत्या आणि त्या सातांच्या मधून जो काही वारा बाहेर पडला तो मला "म्ब्यास" असा ऐकू आला. मी त्यांच्यापासून एका वितीवर होतो. पंधरा फुटांवर, काउंटरमागे, पेन्सिल कानाला लावून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी वहीवरून मान न उचलता खणखणीत आवाजात सांगितलं,

"बेचाळीस!"

मला, मास्तरांना, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना आणि बस थांब्यावर उरलेल्या सगळ्यांना.

"जरा हळू म्हणा ना," मी म्हणालो.

"मी हळू म्हटल्यानं ती कमी होणार आहे का?" बाई म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला. त्या मास्तरांच्या पत्नी. त्या दिवसापासून मी त्यांना वहिनी म्हणायला लागलो, कारण ज्या बाईला आपली कंबर ठाऊक आहे तिला परकं म्हणण्यात अर्थ नसतो.

त्या दुकानाची सगळी घडीच अशी होती. मास्तरांचे दोन्ही हात टेपमध्ये आणि तोंड टाचण्यांमध्ये. त्यामुळे त्यांना लिहिता यायचं नाही आणि बोललेलं जगात एकाच माणसाला कळायचं. वहिनी ऐकायच्या, मोठ्यानं म्हणायच्या आणि मापाच्या वहीत लिहायच्या. "उजवा खांदा म्म खाली," मास्तर पुटपुटायचे. वहिनी लिहायच्या, उजवा खांदा अर्धा इंच खाली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "तुमचा उजवा की त्यांचा?" कारण गिऱ्हाईक समोर तोंड करून उभं असतं. मास्तरांनी टाचण्या काढून उत्तर दिलं होतं, "माझा. कापणार मी आहे." ते खरंही होतं. मास्तर कापड उलटं अंथरून खडू मारायचे, त्यामुळे वहीतला उलटा उजवा कापडावर आपोआप सुलटा व्हायचा. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही. छत्तीस वर्षं त्या घडीत सुरकुती पडली नाही.

मग वहिनींना ऐकू येईनासं व्हायला लागलं. एकदम नाही. आधी मास्तरांचं एकेक माप त्या दोनदा विचारायला लागल्या. मग तीनदा. मग विचारणंच बंद झालं आणि त्या अंदाजानं लिहायला लागल्या. छत्तीस वर्षांत एवढी माणसं मोजली होती की अंदाजही बहुतेक बरोबर यायचा. पण एक दिवस कपाटाएवढा एक गृहस्थ आला. मास्तरांनी त्याची छाती मोजली, पुटपुटले, आणि वहिनी ठसक्यात म्हणाल्या, "अडतीस!"

गृहस्थ इतका खूश झाला की त्यानं आणखी एक कोट सांगितला. मास्तरांचा वहिनींच्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. त्यांनी वहीत बघितलं आणि अडतीसचे दोन कोट कापले. ट्रायलच्या दिवशी पहिला कोट गृहस्थाच्या कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दुकानात सगळे हसले. गृहस्थसुद्धा हसला, भला माणूस होता. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, वहीवर ठेवली आणि चौदा पायऱ्या चढून वर घरात निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून, आकडा सांगून, हातातली टेप सोडून, वहीपर्यंत चालत जाऊन, लिहून, परत येऊन, पुन्हा टाचण्या तोंडात धरून मापं घ्यायला लागले. मी एकदा शर्ट टाकायला गेलो तेव्हा ही कवायत पाहिली. माझ्या एका बाहीसाठी ते चार वेळा काउंटरपर्यंत जाऊन आले.

"माणूस ठेवा एखादा लिहायला," मी म्हणालो.

"माणूस आहे," मास्तर म्हणाले आणि वर छताकडे बघितलं.

वहिनींच्या थोरल्या बहिणीकडे कानाची दोन मशीनं होती. ती गेल्यावर तिच्या मुलीनं ती एका डबीत घालून वहिनींना आणून दिली होती. कानामागे बसणारी, बदामी रंगाची, घेवड्याच्या दाण्याएवढी. उजव्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. पण ती बहिणीच्या कानाला लावलेली. वहिनींनी घालून बघितली तर एक शिट्टी मारायचं आणि दुसऱ्यात नळाचं पाणी धबधब्यासारखं कोसळायचं. मास्तर वहिनींना घेऊन कानाच्या मॅडमकडे गेले. मॅडमनी काचेच्या खोलीत बसवून वहिनींचे कान तपासले, दोन्ही कानांचे आलेख छापून दिले, कानात बसणारे मऊ साचेही करून दिले. पण मशीनं हातात घेतल्यावर मान हलवली.

"ही फार जुनी आहेत. कंपनीनं यांचं सगळं बंद केलंय. हे लावायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आता नाही. नवीन घ्या."

"नवीन नको," वहिनी म्हणाल्या. बहिणीची शेवटची तेवढीच वस्तू होती, आणि त्या विषयावर त्यांना कुणी वळवू शकेल असं निदान आमच्या भागात तरी कुणी नव्हतं.

"थोरलीचा कोट धाकटीला बसवून देतो मी," मास्तर मॅडमना म्हणाले. "उसवायचं, आत घ्यायचं, शिवायचं. तसंच ना हे?"

मॅडम भल्या होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच. फक्त एक लक्षात ठेवा काका. मोठ्या आवाजाची मर्यादा या आलेखाप्रमाणेच ठेवायची, वर न्यायची नाही. घट्ट कोट उसवता येतो, कान उसवता येत नाही."

हे वाक्य मास्तरांनी खडूनं दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं. आणि इथून त्या माणसानं जे केलं त्याबद्दल मी त्याची कितीही टिंगल केली तरी माझ्या मनात त्याच्यासाठी कायम एक खुर्ची मांडलेली असते.

त्यांनी आधी सगळी भंगारची दुकानं पालथी घातली. कानाच्या मशीनचं एक जुनं दुकान बंद पडलं होतं, त्याचा माल एका भंगारवाल्याकडे आला होता. त्यात मास्तरांना एक करडा डबा सापडला. याला कॉम्प्युटर जोडायचा आणि दुसऱ्या बाजूनं मशीन, की मशीनच्या आतलं माप बदलता येतं. डब्यासोबत सॉफ्टवेअरची सीडीसुद्धा होती. केबलींचा मात्र नुसता गुंता. मास्तर भंगारवाल्याच्या दारात मांडी घालून बसले आणि तीन दुपारी तो गुंता सोडवला. धाग्याचा गुंता सोडवायची ज्याला सवय आहे त्याला केबल म्हणजे जाडा धागाच. तळाशी त्यांना हवी ती पट्टी सापडली. कागदासारखी पातळ, मशीनच्या बॅटरीच्या कप्प्यात सरकवायची.

आता डबा असा जुना की त्याचं तोंड कुठल्याही नव्या कॉम्प्युटरला बसेना. म्हणून मास्तर एका सकाळी माझ्या दारात आले.

"तुमच्याकडे एक मेलेला कॉम्प्युटर आहे म्हणे."

"मेलेला नाही, म्हातारा आहे," मी म्हणालो. माळ्यावर माझा एक लॅपटॉप होता. त्याचं वजन एवढं की त्याला लॅप म्हणायचं धाडस ज्यानं केलं त्याच्या मांड्या तपासून बघायला हव्या होत्या.

"त्याला मागे नऊ भोकं आहेत का?"

मी उलटा करून मोजली. भोकं नव्हती, नऊ काड्या होत्या, डब्याच्या केबलच्या नऊ भोकांत बसतील अशा. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की आमची ही स्वयंपाकघरातून बघायला आली, पाहुणा कोण आलाय म्हणून.

"हे कपडे शिवतात ना?" तिनं मला आत बोलावून विचारलं.

"आता कान शिवणार आहेत," मी म्हणालो.

"तुमचे आधी घ्यायला सांगा. मी चार वेळा हाक मारली."

मास्तरांना कॉम्प्युटर येत नव्हता. इंग्रजीही जेमतेम, बटणांच्या पुठ्ठ्यावर असतं तेवढं. पण पडद्यावर चौकोन उघडले तेव्हा ते त्यांना माझ्याआधी समजले. आडवे खण आवाजाच्या जाडीचे, जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. उभ्या ओळी तीन, हळू आवाज, बोलणं आणि दणका. "ही छाती, ही कंबर, हा घेर," मास्तर बोट ठेवत म्हणाले. "आणि ही वरची रेघ म्हणजे मर्यादा. एवढंच तर आहे." एवढंच नव्हतं. पण चार महिन्यांत त्यांनी ते एवढंच करून टाकलं. एकेका बटणाला हात लावायचा, काय बदललं ते वहीत लिहायचं, बटण परत जागेवर, मग पुढचं.

आणि मशीन त्यांनी कधी एका बैठकीत लावलं नाही. पहिल्यांदा नुसता कच्चा टाका. सगळे आवाज थोडे कमीच ठेवायचे, शिवणीत माया सोडतात तशी जागा सोडायची. मग चार दिवस घालून फिरायचं, तक्रारी आणायच्या, मग दुरुस्ती. मापाच्या वहीत वहिनींचं एक पान झालं. ते मी पाहिलं आहे. त्यात लिहिलं होतं:

नळ — टोचतो.
वर्तमानपत्र — पत्रा हलवल्यासारखं.
भिंतीवरचं घड्याळ — आहे असं कळलं.
शेजारीण — स्पष्ट. नको इतकी.
माझा आवाज — नाही.

हा "माझा" म्हणजे मास्तरांचा. चार दिवसांनी पुन्हा, माझा आवाज, नाही. त्यानंतर पुन्हा, नाही. मास्तर चौदा पायऱ्या चढून वर जायचे, खिडकीपाशी उभे राहायचे, तोंडात सात टाचण्या धरायचे आणि पुटपुटायचे. वहिनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल धरून बसायच्या. कागद कोराच.

"डावीकडून सगळं जग अंगावर येतं," वहिनी म्हणायच्या. "आणि उजवीकडे कुणी राहतच नाही."

"नवीन आहे. अंग धरायला वेळ लागतो."

"उजव्यात वाढवा की."

"मापाबाहेर जायचं नाही," मास्तर म्हणायचे. "माप चुकत नसतं. गिऱ्हाईक चुकतं."

"मी गिऱ्हाईक?"

यावर मास्तर खाली जाऊन शिवणाच्या मशीनवर बसायचे.

तोवर ही बातमी पसरली होती. लोकांच्या खणांतून, पर्समधून, औषधांच्या डब्यांतून जुनी मशीनं निघाली. ज्यांची त्या पट्टीवर बसत होती अशा पाच माणसांची मास्तरांनी लावून दिली, त्यांत एक निवृत्त बस कंडक्टर होता. पाचही जण खूश. मॅडमसुद्धा एकदा बघून गेल्या आणि मर्यादेच्या रेघेवर बोट ठेवून "छान" म्हणाल्या. सगळ्या भागाला ऐकू यायला लागलं होतं. फक्त ज्या बाईसाठी हे मांडलं होतं ती वर बसली होती आणि खाली काउंटरवर पेन्सिल तशीच आडवी पडलेली होती.

अशात एका रविवारी मास्तरांनी बोलणं या ओळीत दोन घरं वाढवली आणि दुपारी मला बोलावणं आलं. मी गेलो तर वर चहा चालला होता आणि मास्तर चक्क टाचण्यांशिवाय हसत होते.

"दोन घरं!" ते म्हणाले. "नुसती दोन घरं हो!"

"येतंय ऐकू?" मी वहिनींना विचारलं, नेहमीसारखं ओरडून.

"ओरडता काय? मी बहिरी आहे का?" वहिनी म्हणाल्या. मग खोलीच्या टोकाला उभ्या असलेल्या मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या, पुटपुटले, आणि वहिनी सरळ म्हणाल्या, "साडेसोळा. गळा." मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले आहेत, पण सत्कारमूर्ती एवढा भरून पावलेला पाहिला नाही.

आणि तेवढ्यात डोळे उघडून त्यांनी वहिनींच्या कानामागे पाहिलं.

"अगं, लाल ठिपका डावीकडे कसा? उलटी घातलीस."

वहिनींनी सकाळी कानातले साचे मशीनपासून सोडवून साबणाच्या पाण्यात धुतले होते, सुकवून परत लावताना अदलाबदल झाली होती. साचे आपापल्या कानात, पण लाल मशीन डाव्या साच्याला आणि निळं उजव्याला. मास्तरांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. लाल उजवीकडे, निळं डावीकडे. मोकळ्या हातानं मिशी पुसली, टाचण्या धरल्या, पुटपुटले.

वहिनी बघत राहिल्या. पेन्सिल हलली नाही.

"गेलं," त्या म्हणाल्या.

चहावर साय धरायला लागली. मास्तरांनी मापाची वही घेतली, बोट ठेवून आकडे वाचले, कॉम्प्युटरवर बघितलं. वही आणि पडदा तंतोतंत. सगळं बरोबर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता, माझ्या कमरेच्या वेळीही नाही.

मग वहिनींनी अगदी हळू विचारलं, "अहो, वहीत उजवा लिहिलाय तो तुमचा उजवा, की माझा?"

मास्तर उठले, खाली गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी मॅडमच्या कागदाची झेरॉक्स कापायच्या टेबलावर ठेवली. मूळ रंगीत कागद चुरगळू नये म्हणून कपाटात जपून ठेवलेला, आणि झेरॉक्समध्ये लाल-निळं काही नव्हतं. शेजारी शेजारी दोन आलेख. उजव्या कानाचा आलेख छापला होता डाव्या हाताला, जसा समोर उभ्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो तसा. मास्तरांनी छत्तीस वर्षांच्या सवयीनं जो आपल्या उजव्या हाताला त्याला उजवा म्हटलं होतं. खाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण कॉलरच्या मागचं तरी कोण वाचतं?

मास्तरांनी तो कागद कापडासारखा पालथा घातला. उलट बाजूनं, कागदातून आरपार दिसणाऱ्या रेघा आपापल्या जागी आल्या होत्या.

"कापड असतं तर पालथं घातलं असतं," ते एवढंच म्हणाले. "कॉम्प्युटर कसा पालथा घालणार?"

दुसरा कुणी असता तर मशीनवरचे ठिपके खरवडले असते आणि वहीचं ते पान फाडलं असतं. मास्तरांनी त्याच दुपारी वहिनींची दोन्ही मशीनं पहिल्यापासून लावली, पुन्हा कच्च्या टाक्यापासून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा कोट घालून, वही काखेत मारून पाचही जणांच्या घरी गेले. प्रत्येकाला, त्याच्या घरच्यांसमोर, सांगितलं की मी तुमचा उजवा कान डावीकडे लावलाय, चूक माझी, पुन्हा लावून देतो. चौघांचे दोन्ही कान सारखेच कमजोर होते, त्यांना फरक पडला नव्हता. निवृत्त कंडक्टरचा मात्र पडला होता. मी मास्तरांसोबत होतो.

"म्हणजे ते मशीन होतं होय?" कंडक्टर म्हणाला. "मी म्हटलं, गाडीच डावीकडे कलंडलीय. आयुष्यभर कलंडलेल्याच बसमधून फिरलो, म्हणून काही बोललो नाही."

"पण बोलायचं ना!" मास्तर म्हणाले.

"तुम्ही एवढं प्रेमानं लावलंत, म्हटलं जाऊ दे, पडलो तर पडलो."

दोन आठवड्यांनी मास्तरांचा निरोप आला की पॅन्टचं माप द्यायला या. मी पॅन्ट सांगितलेली नव्हती. तरी गेलो. काउंटरमागे वहिनी बसल्या होत्या, कानाला पेन्सिल, कानामागे लाल ठिपका, या खेपेला उजवीकडे. दुकानात तिघं गिऱ्हाइकं, इस्त्री फुसफुसतेय, बाहेर बस उभी, इंजिन चालू. मास्तरांनी सात टाचण्या तोंडात धरल्या. टेप टाकली. ते पुटपुटले. मी एका वितीवर होतो, मला वारा लागला, शब्द नाही.

पंधरा फुटांवरून आवाज आला.

"चव्वेचाळीस! अहो, मागच्या वेळी बेचाळीस होती!"

बसमधल्या लोकांनी खिडकीतून वाकून बघितलं. मास्तरांच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना हसता येत नव्हतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा टेप टाकली. माझी कंबर त्या दिवशी पाच वेळा मोजली गेली. पाचही वेळा वहिनींनी ती जाहीर केली. मी पाचही वेळा ताठ उभा राहिलो.

ती मशीनं त्यानंतर दीड वर्ष चालली. मग उजव्याच्या आतला एक भाग गेला, आणि तो आता कुठेच मिळत नाही. वहिनींनी बहिणीची डबी कपाटात ठेवली आणि कानाच्या मॅडमकडून नवीन मशीनं घेतली. मॅडमनी ती वीस मिनिटांत लावून दिली. ती मोबाइलवरून कमी-जास्त होतात. वहिनी ते स्वतःच करतात. मास्तरांना पासवर्ड माहीत नाही.